रेल्वे तिकीट आणि डेबिट कार्डाचा ऑफलाइन व्यवहार : गोराईच्या प्रवाशाच्या संदर्भात

प्रस्तावना

गोराई हे गाव मुंबई उपनगर जिल्ह्यात असले तरी खाडीमुळे ते रेल्वेमार्गापासून विलग झालेले आहे. येथील प्रवासी बोटीने खाडी ओलांडून बोरिवलीकडील धक्क्यावर उतरतो आणि पुढे पश्चिम रेल्वेच्या बोरिवली स्थानकाकडे किंवा मेट्रो २अ मार्गाच्या बोरिवली (पश्चिम) स्थानकाकडे वळतो. दोन्ही ठिकाणी त्याच्या हाती एकच डेबिट कार्ड असू शकते. परंतु भाडे अदा होण्याची रीत मात्र भिन्न असते. या भिन्नतेचे स्वरूप व प्रवाशावर होणारे तिचे परिणाम यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऑनलाइन व्यवहार

तिकीट खिडकीवर कार्डयंत्राची सोय असेल तेथे कार्ड घालून पिन दिला की यंत्र बँकेकडे संदेश पाठविते. बँक खात्यातील शिल्लक तपासून मंजुरी देते व त्यानंतर तिकीट मिळते. येथे पैसा कार्डात नसून खात्यात असतो. कार्ड हे केवळ ओळख पटविण्याचे साधन होय. साहजिकच दूरसंचार संपर्क तुटल्यास हा व्यवहार होऊ शकत नाही.

ऑफलाइन व्यवहार

गर्दीच्या वेळी मेट्रोच्या फाटकावर प्रत्येक प्रवाशासाठी बँकेच्या उत्तराची वाट पाहणे शक्य नसते. या अडचणीवरील उपाय म्हणजे ४ मार्च २०१९ रोजी सुरू झालेले राष्ट्रीय सामायिक गतिशीलता कार्ड. मेट्रो २अ व ७ या मार्गांसाठी त्याच धर्तीचे 'मुंबई १' कार्ड जानेवारी २०२३ मध्ये आले. ही सोय असलेल्या डेबिट कार्डाच्या चिपमध्ये खात्याहून स्वतंत्र अशी जणू एक छोटी पैशाची पेटी असते. कार्ड टेकविताच फाटकावरील यंत्र सांकेतिक किल्ल्यांच्या साहाय्याने ते खरे असल्याची खात्री करते आणि प्रवेशाचे स्थानक चिपवर नोंदविते. बाहेर पडताना अंतरानुसार भाडे काढून ते पेटीतून वजा केले जाते. या व्यवहाराची नोंद बँकेकडे मागाहून जाते. त्यामुळे सूचनेचा संदेशही उशिरा येऊ शकतो.

समजा, खात्यात १०,००० रुपये आहेत, परंतु पेटीत केवळ ८ रुपये उरले आहेत. अशा स्थितीत २० रुपयांचे भाडे त्या कार्डाने देता येणार नाही. कारण फाटकाला खाते दिसतच नाही.

मर्यादा व जबाबदारी

रिझर्व्ह बँकेने ३ जानेवारी २०२२ रोजी ऑफलाइन व्यवहारांची चौकट जाहीर केली. हे व्यवहार समोरासमोरच व्हावेत, त्यांना पिनसारखी अतिरिक्त पडताळणी आवश्यक नसावी, मात्र पेटीत पैसे भरताना ती ऑनलाइन व्हावी, असे तीत ठरविण्यात आले. एका व्यवहारासाठी २०० रुपये व एकूण शिलकीसाठी २,००० रुपये अशी मर्यादा घालण्यात आली. त्यांपैकी पहिली मर्यादा ऑगस्ट २०२३ मध्ये ५०० रुपये करण्यात आली. पिन नसल्याने संभवणारी हानी लहान राहावी, हा या मर्यादांचा हेतू आहे.

तथापि दोन बाबी प्रवाशाने ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, भ्रमणध्वनीवरून भरलेली रक्कम लगेच चिपवर उतरतेच असे नाही; अनेकदा ती स्थानकावरील यंत्राला कार्ड लावून चिपवर घ्यावी लागते. दुसरी अशी की, कार्ड हरवल्यास बँक खात्याचे व्यवहार रोखू शकते, परंतु चिपमधील रकमेला तसे संरक्षण नसते. ती खिशातील रोख रकमेप्रमाणेच समजावी.

निष्कर्ष

ऑफलाइन व्यवहारात वेग मिळतो, कारण पैसा आधीच कार्डात येऊन बसलेला असतो. जोखीमही त्याच कारणाने त्याच्याबरोबर येते. म्हणून चिपमधील शिल्लक वेळोवेळी तपासणे, काही दिवसांच्या प्रवासापुरतीच रक्कम तीत ठेवणे आणि भरलेली रक्कम चिपवर उतरल्याची खात्री करणे इष्ट होय. खाडीपलीकडून येणाऱ्या प्रवाशाला फाटकावरून परत फिरणे विशेष गैरसोयीचे असते. त्याने ही खात्री घराबाहेर पडण्यापूर्वी किंवा परतीच्या वेळी स्थानकावरच करून घ्यावी.