गप्प बसण्याचे पैसे

नारायणगावच्या स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमध्ये आत्याबरोबर मी पहिल्यांदा गेले ती 1994 साली. काचेची केबिन, आत एक डगमगतं स्टूल आणि डोक्याच्या उंचीवर मीटर, त्यावर पळणारे लाल आकडे. दादा, म्हणजे आत्याचा मुलगा, नुकताच न्यू जर्सीला गेला होता. आत्या घरूनच कागदावर मुद्दे लिहून आणायची: तब्येत, पाऊस, द्राक्षं, ताईला आलेलं स्थळ. एकेक मुद्दा बोलून झाला की नखाने त्यावर रेघ ओढायची. मिनिटाला खुरपणीच्या बाईच्या दिवसाच्या मजुरीहून जास्त पैसे जायचे. दादाचा आवाज कधी भरून आला आणि तो थांबला, की आत्या मीटरकडे बघत म्हणायची, "बोल रे, बोल. नुसता गप्प नको राहूस."

माया कमी नव्हती हो. पण गप्प बसायलाही तेवढेच पैसे पडत होते.

गंमत अशी, की परदेशाशी बोलायचं देशाचं एक दार आमच्या शिवारातच होतं. नारायणगावजवळच्या आर्वीला 1971 साली उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. सुमारे 30 मीटर व्यासाची ती पांढरी थाळी पंचक्रोशीत कुठूनही दिसे. (खोडदच्या रेडिओ दुर्बिणी पुष्कळ नंतरच्या, पण पाहुणे दोन्हींत हमखास घोटाळा करत.) ती थाळी ज्या उपग्रहाशी बोलायची तो विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर. आवाज वर जाऊन खाली यायचा म्हणजे पाव सेकंद; उत्तर परत यायला आणखी पाव. त्या अर्ध्या सेकंदात माणसाला वाटतं, समोरच्याला ऐकू गेलं नाही. तो पुन्हा बोलतो आणि तेवढ्यात पहिल्याचं उत्तर येऊन आदळतं. आत्याने यावर तोडगा काढला होता: "आधी मी सगळं बोलते, मग तू." 1997 साली समुद्राखालची फ्लॅग ही ऑप्टिकल केबल मुंबईला लागली. अशा केबलांमार्गे जाणाऱ्या कॉलमधला हा अडखळा पुष्कळ कमी झाला. दर मात्र जागच्या जागी राहिला, आणि दराचं अंतराशी नातं किती बेताचं असतं हे तिथेच कळायला हवं होतं.

जुन्या टेलिफोनचा हिशेब साधा. कॉल लागला की तो संपेपर्यंत दोघांमधली वाट त्या दोघांचीच. आवाजाचे आकडे व्हायला लागले तेव्हाही हा बाणा सुटला नाही. सेकंदाला 8,000 वेळा आवाज मोजायचा, प्रत्येक मोजणीला 8 बिट, म्हणजे सेकंदाला 64,000 बिट. तुम्ही भांडा, हुंदका द्या, नाहीतर चहा पीत बसा, 64,000 खर्च होणारच. एका प्रवाशासाठी अख्खी एसटी राखून ठेवावी आणि तो उतरून टपरीवर गेला तरी ती रिकामी पळवत राहावी, तसं.

यातून सुटका शोधणाऱ्यांत डॅनी कोहेन यांचं नाव आधी घ्यावं लागतं. अमेरिकेतल्या अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावर त्यांच्या गटाने आवाजाचे तुकडे करून पाठवले. 1974 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातली त्यांची संस्था आणि मॅसॅच्युसेट्समधली लिंकन प्रयोगशाळा यांच्यात असं बोलणं झालं. तुकड्यावर पत्ता, क्रमांक आणि वेळ लिहायची, वाट मिळेल तसा तो सोडायचा. जो बोलत नाही त्याचे तुकडेच करायचे नाहीत. कोहेन यांचा खरा आग्रह मात्र निराळाच होता. जाळ्यात हरवलेला तुकडा पुन्हा मागवण्याची सोय पत्रासाठी उत्तम, आवाजासाठी निकामी. पत्र लोणच्यासारखं असतं, उशिरा पोचलं तरी खाता येतं. बोलणं तव्यावरच्या भाकरीसारखं. गार झाली की दुसरी घ्या, तीच परत मागवू नका. 1978 च्या सुमारास हरवलेलं परत मागवणारा टीसीपी आणि नुसता तुकडा पुढे पोचवणारा आयपी हे नियम वेगळे झाले, त्यामागे या आग्रहाचा मोठा वाटा आहे. आज व्हिडिओ कॉलवर माणूस मध्येच अर्धा शब्द गिळतो, तो त्याच निर्णयाचा वारसा.

सामान्य माणसाच्या हाती हे आलं 1995 च्या फेब्रुवारीत, इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीच्या 'इंटरनेट फोन'मधून. तेव्हाच्या मॉडेमला सेकंदाला 64,000 बिट झेपणं शक्य नव्हतं. म्हणून आवाज पिळून 8,000 बिटांवर, कधी त्याहूनही खाली आणला गेला. त्यात एक मजेदार अडचण आली. 20 मिलिसेकंदांचा आवाज पिळून जेमतेम 20 बाइट उरायचा. त्यावरचा पत्ता, क्रमांक वगैरे मजकूर मात्र 40 बाइटांचा. चिठ्ठीपेक्षा पाकीट दुप्पट जड! तरीही ते परवडत होतं, यावरून जुना दर किती फुगवलेला होता ते ओळखावं. अमेरिकेतल्या छोट्या टेलिफोन कंपन्यांच्या संघटनेने 1996 च्या मार्चमध्ये सरकारकडे अर्जच केला, की हे सॉफ्टवेअर विकणं थांबवा. ते थांबवलं गेलं नाही.

आपल्याकडे थांबवलं गेलं. 15 ऑगस्ट 1995 ला परदेशी कॉलची मक्तेदारी असलेल्या सरकारी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुलं केलं. 1998 साली खासगी कंपन्यांनाही परवाने मिळाले, पण 'इंटरनेटवरून टेलिफोन नाही' या अटीसकट. या बंदीला केवळ सरकारी खाक्या म्हणून हसणं मला पटत नाही. गावातला लोकल कॉल आणि घरच्या फोनचं भाडं स्वस्त राहत होतं ते एसटीडी-आयएसडीच्या, म्हणजे परगावच्या आणि परदेशच्या कॉलच्या पैशावर. शिवाय भारतातून जेवढे कॉल बाहेर जात त्याहून कितीतरी जास्त बाहेरून येत, आणि तेवढे डॉलर मिळत. दादाने केलेल्या कॉलमधला काही वाटा आमच्या घरच्या भाड्यात उतरत होता, असं म्हटलं तरी चालेल.

विदेश संचार निगमची मक्तेदारी ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी संपली आणि 1 एप्रिल 2002 पासून इंटरनेट टेलिफोनीला मुभा मिळाली. तीही कशी, तर संगणकावरून परदेशातल्या फोनला कॉल लावता येईल, भारतातल्या फोनला नाही. नारायणगावच्या सायबर कॅफेतून न्यूअर्कचा फोन वाजवणं कायदेशीर, जवळच्या मंचरचा वाजवणं बेकायदा! त्या कॅफेत आत्याच्या अंबाड्यावर हेडफोन काही बसेना, तेव्हा पोराने तो हनुवटीखालून लावून दिला. आवाज डब्यातून यावा तसा, आणि आर्वीचा तो जुना उशीर परत आलेला. "हे तर आपलं जुनंच," असं म्हणत तिने पुन्हा "आधी मी, मग तू" सुरू केलं.

इंटरनेट आणि साध्या फोनमधली हीच भिंत कचेऱ्यांतही होती. माझी एक मैत्रीण पुण्याच्या कॉल सेंटरमध्ये होती. तिच्या टेबलावर दोन फोन असत. एकावर परदेशी गिऱ्हाईक इंटरनेटमार्गे, दुसरा स्थानिक लाइनचा. दोन्ही एकमेकांना जोडायचे नाहीत, कारण जोडले तर कुणीतरी परदेशी कॉल लोकल म्हणून आत सोडील. तारा एकत्र यायला तयार होत्या, फायली नव्हत्या. त्या 2020 आणि 2021 च्या सुधारित नियमांनी एकत्र आल्या.

स्काइप 2003 साली आलं, 2025 च्या मे महिन्यात बंद झालं. मधल्या काळात परदेशी गेलेल्या मुलांच्या आयांना त्याने संगणक शिकवला. 2015 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता यायला लागलं. पण मोठा बदल घडला तो 5 सप्टेंबर 2016 ला, आणि तो फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. जिओने आणलेल्या जाळ्यात बोलण्यासाठी वेगळी वाट नव्हतीच. सगळा डेटा, आवाज हा त्यातलाच एक. म्हणजे त्यांचा साधा कॉलही इंटरनेटच्या नियमांनीच चालणारा. फरक एवढाच, की अशा साध्या कॉलला (त्याचं नाव व्होल्टीई) जाळ्यात राखीव डबा असतो आणि व्हॉट्सअ‍ॅपला जनरलमधून उभ्याने जावं लागतं. दुसऱ्या कंपनीचा कॉल उतरवून घ्यायचे मिनिटाला 14 पैसे मिळत. 2017 च्या ऑक्टोबरपासून 6 आणि 1 जानेवारी 2021 पासून शून्य. मिनिट नावाचं नाणं चलनातून गेलं.

काही गोष्टी त्याबरोबर गेल्या. तांब्याच्या तारेतून 48 व्होल्टची वीज एक्स्चेंजमधूनच यायची. लाइट गेली तरी काळा फोन चालायचा. मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी रात्रभर लाइट नव्हती. भिंतीवरच्या फायबरच्या डबीतले दिवे विझले, 'लँडलाइन'ही मेली. कंपनीकडे तक्रार केली, तर माणूस म्हणाला, "मॅडम, इन्व्हर्टर घ्या." दुसरी गोष्ट विश्वासाची. परदेशातून आलेला कॉल भारतीय नंबर दाखवून आत सोडायचा, या युक्तीवर आता पोलिसांचा आवाज काढून म्हाताऱ्यांना लुबाडणारे जगतात. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये असे कॉल अडवणारी यंत्रणा सुरू झाली, तेव्हा पहिल्या 24 तासांतच सुमारे 1 कोटी 35 लाख कॉल अडकले.

एक तपशील मला फार आवडतो. बोलणं थांबलं की तुकडे पाठवायचे नाहीत, असं ठरलं तेव्हा कॉलमध्ये ठार शांतता पडायला लागली. लोकांना वाटे, लाइन तुटली. ते हॅलो हॅलो करत. म्हणून ऐकणाऱ्याच्या यंत्रातच एक हलकी खोटी खरखर तयार करतात, समोर माणूस आहे एवढं कळावं म्हणून.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. संध्याकाळी सातला फोन डब्याला टेकवून ठेवते आणि मेथी निवडायला बसते. तिकडे दादाची सकाळ. तो लॅपटॉपवर काम करत असतो. परवा मी शेजारी बसले होते. वीसेक मिनिटं दोघं एक अक्षर बोलले नाहीत. देठांचा ढीग वाढत गेला. मग तिने पदराला हात पुसले, स्क्रीनकडे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "ठेवते रे."

"थांब की जरा," तो म्हणाला.

ती पुन्हा बसली आणि दुसरी जुडी सोडली.