पोटातला ढोल

मासा पोहतो हे आपण जाणतो; पण पाण्यात एका जागी स्वस्थ राहायचे तर त्यालाही युक्ती लागते, हे सहसा ध्यानात येत नाही. ही युक्ती म्हणजे त्याच्या कण्याखालची हवेची पिशवी. आमचे कोळी तिला ‘बोत’ म्हणतात. घोळ मासा तर या पिशवीलगतचे स्नायू थरथरवून तिचा चक्क ढोल वाजवतो!

या ढोलाचे मोल ऐकाल तर थक्क व्हाल. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरब्याच्या एका नावेला १५७ घोळी सापडल्या आणि लिलावात त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये आले. ही किंमत मुख्यतः बोतांची. वाळलेला बोत हाँगकाँगकडे जातो, आणि तिकडे त्याचे शक्तिवर्धक सूप करतात.

त्यात असते तरी काय? मी पडलो मराठीचा मास्तर. म्हणून आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाईंना गाठले. त्यांनी मला प्रयोगशाळेतच नेले. बोत बारीक चिरायचा, चरबी काढायची, आणि सिरक्यातल्याच सौम्य आम्लात पेप्सिन घालून तो भिजत ठेवायचा. हे पेप्सिन म्हणजे आपल्या जठरात अन्न पचवते तेच. पुढे त्या द्रावात मीठ टाकले की नासलेल्या दुधासारखे पांढरे धागे गोळा होतात.

“हे घ्या सर, तुमचे कोट्यवधींचे कोलॅजन!” बाई म्हणाल्या.

कोलॅजन म्हणजे तीन पदरांची वेणीच. तिची घडण प्रथम उकलली ती आपल्याच देशात. मद्रास विद्यापीठातले जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये तीन पदरांचा नमुना मांडला. तोही कांगारूच्या शेपटीतल्या तंतूंची क्ष-किरणचित्रे काढून! कुठे मद्रास, कुठे कांगारू! पदरात दर तिसरा मणी ग्लायसिनचा, कारण वेणीच्या गाभ्यात एवढा लहान मणीच मावतो.

बाई सारे काम थंडीत करतात. ऊब लागली की वेणी सुटते आणि उरते जिलेटीन. गार समुद्रातल्या कॉड माशाची वेणी पंधरा अंशांच्या आसपासच सुटू लागते. आपल्या उबदार समुद्रातल्या माशांची अधिक तग धरते. जसे पाणी, तसा पीळ. सूप उकळताना त्या वेणीचे काय होत असेल, हे गृहिणींना सांगायला नकोच.

युरोपात बोताचा उपयोग निराळाच. तिथे त्याने बिअर नितळ करत. बोताच्या कोलॅजनवर धन विद्युतभार, यीस्टवर ऋण. दोघे बिलगून तळाशी बसतात. शाकाहारी पिणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी!

पण या सोसाची किंमत भलताच जीव मोजतो. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातात घोळीच्याच कुळातला तोतोआबा बोतासाठी चोरून धरतात. त्या जाळ्यांत वाकिटा नावाचा, डॉल्फिनसारखा दिसणारा छोटा सस्तन प्राणी अडकून गुदमरतो. १९९७ च्या मोजणीत वाकिटा पावणेसहाशेच्या घरात होते. अलीकडच्या पाहण्यांत जेमतेम दहाच्या आसपास.

बोतातले हे कोलॅजन मुख्यतः ज्या प्रकारचे, त्याच प्रकारचे माशाच्या कातडीत आणि खवल्यांतही असते. बाई हल्ली त्यावरच काम करतात. बाजारातल्या कोळीण मावशी त्यांना ती पिशवी भरून, फुकट देतात.