चालणाऱ्याच्या दृष्टीतून नवी दिल्ली

नगराचा नकाशा वरून पाहावयाचा असतो. नगर मात्र भूमीवरून चालत पाहिले जाते. या दोन दृष्टींत केवढे अंतर पडू शकते, हे नवी दिल्लीच्या कर्तव्यपथावर अनुभवास येते.

डिसेंबर 1911 मध्ये दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली. रायसीना टेकडीवरील व्हाइसरॉयचा प्रासाद, म्हणजे आजचे राष्ट्रपती भवन, एडविन लट्यन्स या वास्तुशिल्पज्ञांनी योजिला. सचिवालयाच्या दोन इमारती हर्बर्ट बेकर यांनी योजिल्या. तिन्ही वास्तू एकाच पातळीवर असाव्यात, हे बेकर यांचे मत मान्य झाले. सचिवालये टेकडीच्या कडेस आली आणि प्रासाद त्यांच्या मागे, पश्चिमेस सरकला.

इंडिया गेटपासून पश्चिमेकडे पाहिले असता सुमारे 3 किलोमीटरांवर प्रासादाचा घुमट दिसतो. परंतु विजय चौक जवळ येतो तसतसा प्रासाद जणू भूमीत बुडत जातो आणि चौकात घुमटाचा वरचा भागच काय तो उरतो. पुढील चढण चढून गेल्यावर संपूर्ण वास्तू पुन्हा प्रकट होते.

गडाच्या अगदी पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसास बालेकिल्ला दिसत नाही, त्याचे जे कारण, तेच याचेही होय. पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून निघून चढणीच्या माथ्याला स्पर्श करीत पुढे जाणारी सरळ रेषा कल्पावी. माथ्यापलीकडचे, या रेषेखाली येणारे सर्व काही झाकले जाते. समजा, माथा डोळ्याहून 8 मीटर उंच आहे आणि वास्तू त्याच्यामागे 400 मीटरांवर, माथ्याच्याच पातळीवर उभी आहे. पाहणारा माथ्यापासून 400 मीटर दूर असता वास्तूचा तळाकडील 8 मीटर भाग झाकला जाईल. तो 80 मीटरांवर आला, की 40 मीटर भाग झाकला जाईल.

दर 22.5 फुटांस 1 फूट ही चढण लट्यन्स यांनी 1913 साली स्वतः मान्य केली होती. तिचा परिणाम ध्यानी येताच ती सौम्य करण्यासाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली. तथापि खर्चाचा विचार आड आला, बेकर यांच्याशी असलेल्या जुन्या स्नेहात वितुष्ट आले आणि 1931 साली राजधानीचे उद्‌घाटन झाले तेव्हा चढण तशीच होती.

नकाशा लांबी-रुंदी दाखवितो. उंचसखलपणा उभ्या छेदातच कळतो. त्या छेदावर भूमीपासून सुमारे दीड मीटर उंचीवरून, जागोजागच्या बिंदूंतून दृष्टिरेषा काढल्या, तर पुढे काय दिसेल व काय लपेल हे आधीच समजते. कागदावरील रेघ खोडता येते; बांधलेली टेकडी व राजमार्ग सहसा बदलता येत नाहीत.