तेलाचा तवंग आणि कोळीवाड्याचे प्रशिक्षण

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' या दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' कलंडले, त्यावरील शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि टाक्यांतील सुमारे 800 टन इंधनतेल पाण्यावर पसरले. तरंगत्या कंटेनरांमुळे मुंबई व न्हावाशेवा बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली. त्यात व्यापाराचे किती नुकसान झाले, याची चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. तेल मात्र अलिबाग-उरणच्या किनाऱ्यांवर आणि खाड्यांतील तिवरांच्या मुळांवर जाऊन बसले. त्या वर्षी नारळी पौर्णिमा 24 ऑगस्टला होती. पावसाळ्यासाठी शाकारलेल्या होड्या पाण्यात लोटण्याची तयारी चालू असतानाच मासळीवरचा गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला.

अशा प्रसंगी कोणी काय करावे, याचे नियोजन देशात नाही असे नाही. 1996 पासून तेलगळतीसाठी राष्ट्रीय आपत्कालीन योजना अस्तित्वात आहे. तटरक्षक दल हे तिचे मध्यवर्ती समन्वयक. बंदराच्या हद्दीतील गळती बंदराने आवरावी, किनाऱ्याला लागलेले तेल काढण्याचे काम राज्य शासनाने करावे, अशी विभागणी तीत आहे. दलाजवळ प्रदूषण-नियंत्रणाची खास जहाजे आहेत, त्यांचे सराव होतात. खोल समुद्राचा भाग त्यामुळे बऱ्यापैकी सांभाळला जातो. उणीव आहे ती अखेरच्या टप्प्यात. जिल्हा कचेरीतून आदेश निघून माणसे व साहित्य खाडीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत एक भरती सहज उलटते, आणि तिवरांत तेल शिरायला तेवढी पुरते. त्या वेळी तेथे हजर असतात ते कोळी.

हजर असलेल्या माणसाला पुरेसे शिकवलेले नसले म्हणजे काय होते, ते तमिळनाडूत दोनदा दिसले. 28 जानेवारी 2017 रोजी चेन्नईच्या उत्तरेस एन्नोर येथील बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर झाली. प्रदूषण झालेले नाही, असा निर्वाळा आधी देण्यात आला. पुढे गळतीचा आकडा शेकडो टनांवर गेला. घट्ट झालेले तेल पंपांना ओढवेना, तेव्हा मच्छीमार, विद्यार्थी आणि स्वयंसेवक बादल्या घेऊन खडकांवर उतरले. पुष्कळांच्या हातात धड मोजेही नव्हते. डिसेंबर 2023 मध्ये 'मिचौंग' वादळाच्या पुराबरोबर मणलीच्या औद्योगिक भागातून तेल एन्नोरच्या खाडीत आले. सहा वर्षांनंतरही खाडीतल्या मच्छीमारांच्या हाती होती ती मग आणि बादलीच.

या लोकांचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु कौतुकाने फुप्फुसांचे रक्षण होत नाही. ताज्या तेलातून बेंझिनसारखी विषारी द्रव्ये हवेत मिसळतात, म्हणून वाऱ्याच्या कोणत्या बाजूस उभे राहावे हा पहिला धडा. जड इंधनतेल लाटांत घुसळले की पाणी शोषून तिपटी-चौपटीने फुगते. पहिल्या दिवशी काढलेले एक पिंप हे पुढच्या आठवड्यातील तीन-चार पिंपांच्या बरोबरीचे असते. तिवरांत माणसे घुसली तर पायांखालचे तेल चिखलात खोल जाते आणि वर्षानुवर्षे तेथेच राहते. तेथे पुष्कळदा आत न शिरणे हेच शहाणपणाचे. पण हे उत्साही गर्दीला आयत्या वेळी कोण पटवून देणार? तेल अडवणारा तरंगता अडसर जोराच्या प्रवाहात आडवा बांधला तर तेल त्याच्या खालून निसटते. तो तिरपा धरून तेल संथ पाण्याकडे वळवावे लागते. उधाणाला पाणी कोठून धावते आणि भांगाला कोठे सुस्तावते, हे मात्र डोल लावणाऱ्या कोळ्याला कोणी सांगायला नको. प्रशिक्षण देणाऱ्या अधिकाऱ्यानेच ते त्याच्याकडून शिकून घ्यावे.

काय हाताळू नये, हेही शिकवावे लागेल. 25 मे 2025 रोजी कोचीजवळ बुडालेल्या 'एमएससी एल्सा 3' च्या काही कंटेनरांत कॅल्शियम कार्बाइड होते. पाणी लागताच त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो.

या साऱ्याचा खर्च कोणी करायचा, हा खरा प्रश्न. 24 मार्च 1989 रोजी अलास्कात 'एक्झॉन व्हाल्डीझ' खडकावर आदळून सुमारे 37,000 टन कच्चे तेल सांडले. साधने वेळेवर आली नाहीत. कॉर्डोव्हाच्या मच्छीमारांनी आपल्या होड्यांनी अडसर ओढून साल्मनची पैदासकेंद्रे राखली. त्यानंतर कायदे बदलले. आज तेथील तेलवाहिनी कंपनी सुमारे 400 मच्छीमार होड्यांशी करार करते, त्यांना दरवर्षी प्रशिक्षण देते आणि त्या दिवसांचा मोबदलाही देते. हा खर्च तेलाच्या वाहतूकखर्चातच धरलेला आहे. आपल्याकडे जवाहर द्वीपावर तेल उतरते, तुर्भ्याच्या कारखान्यांत ते शुद्ध होते, न्हावाशेव्याला जहाजांची रीघ असते. त्यांतील धोक्याचा हप्ता मात्र कोळीवाडा फुकट भरतो. प्रशिक्षण हा लोककल्याणाचा उपक्रम मानला की ते एका चहापानाच्या शिबिरावर संपते. बंदरशुल्कात त्याची तरतूद झाली, तरच ते दरवर्षी होईल.

भरपाईचा धडाही याच प्रशिक्षणात असला पाहिजे. टँकरमधील तेलासाठी 1992 चे आंतरराष्ट्रीय करार आहेत. इतर जहाजांच्या इंधनतेलासाठी 2001 चा बंकर करार आहे. 'चित्रा'च्या वेळी भारत या दुसऱ्या कराराचा सदस्य नव्हता, आता आहे. बंकर करारानुसार नुकसान झाल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो, आणि दाव्याला पुरावा लागतो. होडीच्या मालकाजवळ निदान डिझेलच्या व बर्फाच्या पावत्या सापडतील. ओहोटीला खाडीत कालवे फोडणाऱ्या, तिसऱ्या वेचणाऱ्या बाईजवळ काय आहे? तिची मिळकत पाटीत येते आणि संध्याकाळच्या बाजारात संपते. मच्छीमार सोसायटीने रोजच्या आवकेची साधी वही ठेवली, तीत या बायकांची नावे घातली आणि तवंग दिसताच तारीखवार छायाचित्रे घेतली, तर दावा उभा राहू शकतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे काम दोन दिवसांत शिकवता येईल.

वेळेचीही अडचण नाही. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि माणसे गावात असतात. 'चित्रा' 7 ऑगस्टला कलंडले, 'रॅक कॅरिअर' 4 ऑगस्ट 2011 ला मुंबईजवळ बुडाले, 'एल्सा 3' 25 मे रोजी. पावसाळी समुद्रातले धोके पाहता प्रशिक्षण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावे. अडसराचा सराव खाडीच्या आतल्या पाण्यात करता येईल. बुडालेल्या रोजाची मजुरी मात्र त्याच दिवशी हातात पडली पाहिजे.