बदलीचा कागद आणि यादीतलं नाव

28 मे 2018. भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक, तीही ऐन नवतप्यात. नाना पटोले यांनी खासदारकी सोडल्याने जागा रिकामी झाली होती. त्या दिवशी रांगेतली माणसं उन्हात टिकली, यंत्रं टिकली नाहीत. मत कुणाला गेलं याची चिठ्ठी दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रं ठिकठिकाणी अडली आणि 30 मे रोजी 49 केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावं लागलं. पुढे यंत्रातल्या संवेदकावर उजेड थेट पडू नये म्हणून आडोसा आला, दमट हवेत न बिघडणारा कागद आला. यंत्र बिघडलं की देशभर बोभाटा होतो. यादी बिघडली तर ते एकट्या माणसालाच कळतं, तेही केंद्राच्या दारात बोट पुढे करताना.

हा दुसरा बिघाड समजून घ्यायला तुमसर तालुक्यातलं चिखला बरं. गोबरवाहीजवळच्या या गावाची ओळख मँगनीजच्या भूमिगत खाणीची. खाण मॉइल या सरकारी कंपनीची. डोंगरी बुजुर्गची उघडी खाण तिचीच, आणि हद्दीपलीकडच्या तिरोडी, भरवेली, उकवा याही तिच्याच. फक्त त्या बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रदेशात. कंपनी तीच, दगड तोच, पण बदली झाली की राज्य बदलतं.

समजा, चिखल्याच्या एका कामगाराची भरवेलीला बदली झाली. क्वार्टर सुटतं, पोरांचे दाखले निघतात, गॅस हलतो. मतदार यादीतलं नाव मात्र चिखल्यातच राहतं, कारण ते हलवायला कुणी सांगत नाही. पाचेक वर्षांनी तिकडे निवडणूक लागली की तो तिथे नव्याने नाव घालतो. आता तो दोन राज्यांत मतदार आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950 एका वेळी एकाच मतदारसंघात नोंदणीची मुभा देतो. पण याला लबाड म्हणण्याआधी सरकारी नमुना पाहिला पाहिजे. ऑगस्ट 2022पर्यंत दुसऱ्या मतदारसंघात गेलेल्या माणसालाही नवमतदाराचाच नमुना 6 भरावा लागे. जुनं नाव काढणं हे मागच्या कार्यालयाने आठवणीने करायचं काम. दुबार नावांतली बरीचशी अशी, कागदाच्या रचनेतूनच उपजलेली आहेत. आता नमुना 6 फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यासाठी आहे. पत्ता बदलला, मग तो गल्लीपलीकडे असो की राज्यापलीकडे, नमुना 8 भरायचा. लोक मात्र अजून ‘नवीन कार्ड काढायचं’ म्हणतात आणि 6च भरून मोकळे होतात.

कायद्यातला कळीचा शब्द ‘सर्वसाधारण रहिवासी’. नुसतं गावात घर आहे म्हणून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. आणि नुसते काही काळ बाहेर गेलात म्हणून रहिवास तुटतही नाही. म्हणजे भरवेलीत स्थायिक झालेल्याचं गावात कौलारू घर असलं तरी मत तिकडचं. पण दोन महिने नागपुरात मजुरीला गेलेल्या धानकऱ्याचं नाव कुणी काढू शकत नाही. कागदावर स्पष्ट आहे. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून दारात उभ्या असलेल्या शिक्षकाला किंवा अंगणवाडीताईला मात्र दोन्हीकडे सारखंच कुलूप दिसतं.

कुलूप पाहून नाव परस्पर काढता येत नाही. स्थलांतराच्या कारणाने वगळायचं तर संबंधिताला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ती नोटीस जाते कुठे? त्याच कुलूपबंद घरावर! नाव घालताना शिबिरं, फलक, प्रभातफेऱ्या असतात, काढताना चिडीचूप. मला सगळ्यात मोठी खोट वाटते ती इथेच. बिहारच्या मतदार यादी पुनरीक्षणात प्रारूप यादीबाहेर राहिलेली सुमारे 65 लाख नावं कारणांसह जाहीर करा, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट 2025मध्ये सांगावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात निवडणूक आयोगाने विशेष सखोल पुनरीक्षणाचा पुढचा टप्पा जाहीर केला. त्यात मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे तेव्हा खाणींच्या या एकाच पट्ट्यात पलीकडे घरोघरी अर्ज वाटायची तयारी होती आणि अलीकडे जुनीच यादी होती. हद्दीपलीकडे सोयरीक असलेल्या घरांतल्या लेकीसुनांचं नाव माहेरी की सासरी, हा प्रश्न यातलाच.

स्थलांतरित मतदारांसाठी उपाय म्हणून आयोगाने 2022च्या डिसेंबरात दूरस्थ मतदान यंत्र पुढे आणलं: एका केंद्रावरून 72 मतदारसंघांपर्यंतचं मतदान. जानेवारी 2023मध्ये ते पक्षांना दाखवलं, विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या, पुढे काही हललं नाही. हलायला हवं होतं असंही नाही. कोण कुठला रहिवासी हेच नीट ठरलं नसेल तर ते यंत्र तरी काय करणार?

त्यापेक्षा चावडी वाचन स्वस्त. ग्रामसभेत यादी वाचायची पद्धत आहेच. फक्त वगळायची नावं आधी आणि मोठ्याने वाचावीत. ‘अरे, तो मेला नाही, पुण्याला आहे’ हे सांगणारा चावडीवरच भेटतो. वाचन वेळेत हवं, कारण उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरता यादीला हात लागत नाही. ग्रामपंचायतीच्या वेळी तर विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात; प्रभाग चुकला असेल तर दुरुस्त होतो, नवं नाव घालता येत नाही. त्या दिवसांत तहसीलच्या पायऱ्या झिजवणारे बहुतेक जण चुकीच्या वेळी बरोबर मागणी घेऊन आलेले असतात.

आणि खाणीपुरतं एक. बदलीच्या आदेशाबरोबर कामगाराला क्वार्टर सोडल्याचे, येणं-देणं मिटल्याचे कागद करावेच लागतात. त्याच गठ्ठ्यात कोरा नमुना 8 ठेवायला कायदा बदलावा लागत नाही. क्वार्टरची किल्ली परत घेणाऱ्या बाबूने तो भरून घेतला आणि बीएलओला सुटलेल्या क्वार्टरांचे नंबर महिन्याला कळवले, तर कुलपापाशी उभं राहून अंदाज बांधायची वेळ तिच्यावर येणार नाही.