आमात्रिचेचा पास्ता आणि भूकंपानंतरचं घरचं जेवण

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी सगळं तसंच आहे.)

जेवता जेवता ऐकत असाल तर उत्तमच, कारण आज विषय जेवणाचाच आहे. सगळं घर कोसळल्यावर माणूस पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काय शिजवतो? त्यासाठी आपण इटलीतल्या एका गावात जाऊ. गावाचं नाव आमात्रिचे.

त्या रात्री काय झालं?

आमात्रिचे हे रोमच्या ईशान्येला डोंगरात वसलेलं गाव. 2016 मध्ये वस्ती साधारण अडीच हजारांची होती. पण इटलीत त्याचं नाव घराघरांत माहीत, कारण ‘आमात्रिचाना’ हा पास्ता या गावाच्या नावाने ओळखला जातो.

24 ऑगस्ट 2016. पहाटेचे 3 वाजून 36 मिनिटं. गाव झोपेत असताना भूकंप झाला. त्या परिसरात एकूण 299 माणसं गेली, त्यातली बहुतेक आमात्रिचेतली. आणि त्याच आठवड्याच्या शेवटी गावात आमात्रिचानाची जत्रा भरणार होती. तिचं ते पन्नासावं वर्ष होतं.

हे ऐकताना आपल्याला किल्लारी आठवणारच. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं, गणपती विसर्जनाची रात्र. तिथेही झोपेतल्या माणसांवर जुनी, जाड, दगडांची घरं कोसळली. दगडाच्या जड भिंतींमध्ये एकसंधपणा नसला की भूकंपात त्या फुटून आतबाहेर ढासळतात. दोन्हीकडे घात केला तो याच गोष्टीने.

दोन युरोची थाळी

भूकंपानंतर पाओलो काम्पाना नावाच्या एका ग्राफिक डिझायनरने कल्पना मांडली: हॉटेलांनी आमात्रिचाना मेन्यूवर ठेवायचा आणि प्रत्येक थाळीमागे दोन युरो मदत म्हणून द्यायचे. एक युरो गिऱ्हाइकाचा, एक हॉटेलवाल्याचा. इटलीतली शेकडो हॉटेलं यात उतरली, परदेशातलीही आली. पैसा रेड क्रॉसकडे गेला.

गावातले लोक तेव्हा तंबूंमध्ये होते आणि छावणीच्या सामायिक स्वयंपाकघरात जेवत होते. ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा मोठे धक्के बसले आणि जे उभं होतं त्यातलंही बरंच पडलं. 2017 मध्ये कुटुंबांना छोटी तात्पुरती घरं मिळू लागली. त्यात स्वतःची शेगडी होती, स्वतःचं पातेलं ठेवायला जागा होती.

मला वाटतं, खरा फरक इथे पडतो. छावणीत पोट भरतं. वाढणारे मनापासून वाढतात, त्यांचे उपकार मोठेच. पण किती वाजता जेवायचं, काय जेवायचं, तिखट किती, हे सगळं दुसरं कोणीतरी ठरवतं. घरची शेगडी पेटली की आई पुन्हा विचारते, “आज काय करू रे?” आपत्तीनंतर किती दिवसांनी कोणीतरी आपल्याला हा प्रश्न विचारलेला असतो!

मेंढपाळांचं पिठलं

आता या पास्त्यात असतं काय ते बघा. वाळवलेला पास्ता, डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस (त्याला ग्वांचाले म्हणतात), मेंढीच्या दुधाचं कडक पेकोरिनो चीज आणि टोमॅटो. टोमॅटो नंतर आला. त्याआधीचा बिनटोमॅटोचा पास्ता ‘ग्रिचा’ नावाने आजही खातात.

यातलं काहीही फ्रीजशिवाय टिकतं, टोमॅटोही डब्यातला चालतो. हे डोंगरात मेंढ्या घेऊन फिरणाऱ्यांचं जेवण आहे: एक आग, एक कढई, पिशवीत मावेल एवढं सामान. आपल्याकडे घरात काही नसलं की पिठलं होतं ना? तसंच. म्हणून तर असा पदार्थ वाईट दिवसांत उपयोगी पडतो. तो कमी सामानातूनच जन्माला आलेला असतो.

बरं, गावकरी याबाबत भलतेच कडक आहेत हं! 2015 मध्ये एका प्रसिद्ध शेफने टीव्हीवर यात लसूण घालतो असं सांगितलं, तर गावाने जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

पाणी आणि गॅस कमी असेल तर

नेहमीच्या पद्धतीत चार माणसांच्या पास्त्याला तीन-चार लिटर पाणी लागतं आणि बहुतेक ओतून दिलं जातं. टँकरच्या पाण्यावर हे परवडणारं नाही. पास्ता शिजतो म्हणजे दोन गोष्टी होतात: तो पाणी शोषतो आणि उष्णतेने त्यातला स्टार्च शिजतो. पहिल्या कामाला आग लागतच नाही!

म्हणून 320 ग्रॅम पास्ता साधारण पाऊण लिटर पिण्याच्या पाण्यात दीड तास भिजवा. मग कढईत तीन चमचे तेल, ठेचलेला लसूण, सुक्या लाल मिरच्या. त्यावर पाच-सहा चिरलेले टोमॅटो आणि मीठ. टोमॅटो गळले की भिजलेला पास्ता आणि त्याचंच वाटी-दीड वाटी पाणी घाला. उकळी आली की तीन-चार मिनिटं हलवत राहा, चावून बघा. वरून चीज असेल तर चीज, नसेल तर नाही. हा आमात्रिचाना नव्हे बरं का, लसूण घातलाय आपण! हा आपला घरचा.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. भूकंपानंतर गॅसचा वास येत असेल तर काडी ओढू नका, दिव्याच्या बटणालाही हात लावू नका, बाहेर पडा. आणि पुराच्या पाण्यात भिजलेली पाकिटं, वरून कितीही चांगली दिसली तरी, टाकून द्या.

जाता जाता

आमात्रिचेत पुढे स्तेफानो बोएरी या वास्तुरचनाकाराने लाकडी इमारती उभारल्या. आधी शाळेच्या मुलांसाठी जेवणाचं सभागृह, मग 2017 मध्ये गावातल्या हॉटेलांसाठी जागा. क्रम लक्षात घ्या: आधी मुलांचं ताट, मग बाकीचं.

तेव्हा कधी तुमच्या ओळखीतल्या कुणावर अशी वेळ आली, तर तयार डबा जरूर न्या. पण जमलं तर काही दिवसांनी एक शेगडी, एक कढई आणि थोडा कोरडा शिधाही न्या. काय करायचं ते त्यांना ठरवू द्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या आणि आज घरात कोणी विचारलं “काय करू?”, तर मोबाइल बाजूला ठेवून नीट उत्तर द्या!