जपानी सचेतनपट उद्योग : जागतिक प्रभाव आणि त्यामागील अर्थकारण

प्रस्तावना :
एखाद्या राष्ट्राच्या संस्कृतीविषयीच्या आकर्षणातून जो प्रभाव निर्माण होतो, त्याला जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये 'सॉफ्ट पॉवर' असे संबोधले. या संदर्भात जपानी सचेतनपटांचे, म्हणजेच 'ॲनिमे'चे, उदाहरण हमखास दिले जाते. हायाओ मियाझाकी यांच्या 'स्पिरिटेड अवे' (२००१) या चित्रपटास बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल (२००२) आणि त्यानंतर ऑस्कर (२००३) हे सन्मान लाभले. मात्र हा प्रभाव ज्या आर्थिक रचनेवर उभा आहे, तिचा विचार त्या मानाने कमी होतो. प्रस्तुत लेखात त्या रचनेचा परामर्श घेतला आहे.

अल्पखर्ची निर्मितीचे तंत्र :
ओसामु तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमु' ही साप्ताहिक मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकत असल्या तरी एकच चित्र तीन चौकटींसाठी वापरणे, केवळ ओठ वा डोळे हलविणे, जुनी चित्रे पुन्हा योजणे अशा उपायांनी चित्रांची संख्या घटविण्यात आली. मालिका निर्मितिखर्चाहूनही कमी किमतीत विकली गेली. ही तूट पात्रांची चित्रे छापलेल्या वस्तू आणि परदेशी विक्री यांतून भरून काढावयाची होती. त्याच वर्षी ती 'ॲस्ट्रो बॉय' या नावाने अमेरिकेत पोहोचली. तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शन या संस्थेचे १९७३ मध्ये दिवाळे निघाले. परंतु कमी किमतीचा पायंडा कायम राहिला.

हक्कांची विभागणी :
१९९० च्या दशकात 'निर्मिती समिती'ची पद्धत रूढ झाली. प्रकाशक, दूरचित्रवाहिन्या, खेळणी व संगीत कंपन्या एकत्रितपणे भांडवल गुंतवितात. त्यामुळे जोखीम विभागली जाते. तसेच हक्क आणि नफाही गुंतवणूकदारांतच वाटला जातो. समितीत भांडवल नसलेल्या स्टुडिओस ठरावीक मोबदला मिळतो. मालिका जगभर गाजली तरी त्यात सहसा वाढ होत नाही. दोन मुख्य चित्रांमधील हालचालींची चित्रे काढणाऱ्या नवोदितांना तर अनेकदा प्रतिचित्र मोबदला दिला जातो.

२०२० मध्ये ॲनिमेची परदेशी बाजारपेठ देशांतर्गत बाजारपेठेहून प्रथमच मोठी ठरली. तथापि, २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यवसाय व मानवाधिकारविषयक कार्यगटाने जपानसंबंधीच्या अहवालात याच उद्योगातील अल्प वेतन आणि कामाचे प्रदीर्घ तास यांकडे लक्ष वेधले.

निष्कर्ष :
अल्पखर्चाच्या सक्तीतून ॲनिमेची स्वतंत्र शैली घडली आणि जागतिक बाजारपेठही खुली झाली. पण तिचा भार चित्रकारांवर पडला. ही स्थिती अपरिहार्य नाही. क्योतो ॲनिमेशन या संस्थेने कलावंतांना पगारी सेवेत घेऊन आणि स्वतःचे प्रकाशन उभारून वेगळा मार्ग दाखविला आहे. म्हणूनच सांस्कृतिक प्रभावाचे मूल्यमापन केवळ प्रेक्षकसंख्या व पुरस्कारांवरून करणे अपुरे ठरते. त्या प्रभावाचा लाभ निर्मात्या हातांपर्यंत किती पोहोचतो, हाही त्याचा निकष असावयास हवा.